आटलेल्या बोअरचा पाळक

भाऊ, तुझ्या कबरीवरची माती अजून बसलेली नाही आणि इकडे बोअरच्या पाइपाला झेंडूचे हार चढले आहेत. वहिनीनं ते काल सकाळी तोडून उकिरड्यावर टाकले. दुपारी नवे आले. तुझा एक फोटो, तो निळ्या शर्टातला, कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीच्या खांबाला तारेनं आवळलाय. बाया भांडी घेऊन येतात, आधी फोटोला हात लावतात, तो हात कपाळाला नेतात, मगच नळ सोडतात. मी तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत बसलेय. शाळेला सुट्टी आहे, तरी जळगावला घरी जायला हवं. रोज जाते म्हणते आणि राहते.

तू असतास तर हे बघून काय केलं असतंस, असं वहिनीनं विचारलं. या गावात पाळक म्हणून आलेला तू ते हार स्वतः तोडले असतेस. गेल्या वर्ष-दोन वर्षांतला तू कदाचित जरा मान खाली घालून हसला असतास, आणि हार राहू दिले असतेस. मी दोघांनाही ओळखत होते, म्हणून बोलले नाही.

धुळ्याचं आपलं घर आठवतं? भिंतींवर काही म्हणजे काही नव्हतं. बाकीच्या ख्रिस्ती घरांत निदान खांद्यावर मेंढरू घेतलेल्या प्रभूचं चित्र असायचं. अण्णा तेवढंही लावू देत नसत. "आपण माणसं शेतस भो," म्हणायचे, "जे दिसस तेलेच धरी बसतस." दिसेल त्यालाच माणूस धरून बसतो, ही त्यांची भीती. तुला त्याचा राग यायचा. साधं एक चित्र लावल्यानं काय बिघडतं, म्हणून तू जेवता जेवता त्यांच्याशी वाद घालायचास, आणि मी तुझ्या बाजूनं असायची. मी नेहमीच तुझ्या बाजूनं असायची. सोनगीरच्या किल्ल्यावर चर्चच्या मंडळीची सहल गेली होती, तेव्हा माझी चप्पल एका कोरड्या टाक्यात पडली आणि तू मागचापुढचा विचार न करता आत उडी घेतलीस. चप्पल वर फेकलीस, आणि मग तुला वर येता येईना. बाकीचे दोर शोधायला पळाले. तू खाली उभा राहून मोठमोठ्यानं गाणी म्हणत होतास, म्हणजे मी रडू नये. तो आवाज त्या दगडांतून घुमत वर यायचा. मला वाटायचं, एवढा मोठा आवाज ज्याचा आहे त्याला काही होऊच शकत नाही.

त्याच आवाजानं तू या गावातली मंडळी उभी केलीस. गाव बोदवडपासून थोडं आत, पाण्याला महाग, आणि ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. पत्र्याचं चर्च, त्यामागे तुमच्या दोन खोल्या. तुझी ती जुनी मोटरसायकल साऱ्या गावाची होती. कुणाची बाई अडली, कुणाला साप चावला, कुणाचा बाप छातीत दुखतं म्हणून बसला, की तू त्याला मागे बसवून दवाखान्यात. धर्म कुणाचा ते तू विचारलं नाहीस. प्रार्थना वाटेत व्हायची, गाडी चालवता चालवता. एकदा मी तुला म्हटलं, निदान डोळे तरी मीट प्रार्थना करताना. तू म्हणालास, "मिटले तर दोघंही त्याच्याकडेच जाऊ." केवढे हसलो होतो आपण.

मग तो उन्हाळा आला. गावातल्या विहिरी तळाला गेल्या, आणि मंडळीनं ठरवलं की चर्चच्या आवारात बोअर घ्यायचा. पाणाड्या येऊन नारळ हातावर धरून फिरला आणि म्हणाला, इथे पाणी नाही, दगड आहे. तू म्हणालास, आपण प्रार्थना करू. त्या दिवशी मी आले होते. बोअरची गाडी सकाळपासून धडधडत होती, पांढरी भुकटी उडून सगळ्यांचे केस पिठासारखे झाले होते. गाडीवाला दोनदा म्हणाला, बंद करतो. तू गुडघ्यांवर बसलेला होतास, उठलाच नाहीस. आणि मग तो आवाज बदलला. भुकटीचा चिखल झाला, चिखलातून पाणी उसळलं, आणि सगळं गाव, आपली मंडळी आणि इतरही, त्या गढूळ पाण्यात भिजत नाचलं. तू रडत होतास. "त्यानं दिलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतास. भाऊ, त्या क्षणासाठी मी आजही कृतज्ञ आहे. तो खरा होता. नंतरचं सगळं त्या खऱ्या क्षणाला धरूनच वाढलं, त्याची मला जास्त भीती वाटते.

सुरुवात अगदी साधी झाली. पाणी सगळ्यांना मिळावं म्हणून तू टाकी बसवलीस, नळ काढलास. कुणाचं तरी पोर ते पाणी पिऊन तापातून उठलं. कुणाच्या पायाची सूज उतरली. लोक बाटल्या घेऊन यायला लागले. आधी तू त्यांच्यावर खेकसायचास. "पाणी आहे ते, प्या आणि घरी जा!" पण बाटल्या वाढत गेल्या. नशिराबादपासून माणसं यायला लागली, बसनं, रिक्षा करून. रविवारच्या उपासनेला पत्र्याखाली जागा पुरेना, म्हणून तू सतरंज्या आवारात टाकल्यास. मी ख्रिसमसला आले तेव्हा पाहिलं, लोक बोअरकडे तोंड करून बसले होते. प्रभुभोजनाचं टेबल त्यांच्या पाठीमागे, रिकाम्या चर्चमध्ये होतं.

उपासना संपल्यावर मी तुला आत नेलं. "भाऊ, लोकांची पाठ कुणाकडे आहे ते बघ."

तू हसलास. "आवारात ऊन कुठून येतं त्यावर बसतात गं."

"आणि तू बाटल्यांच्या बुचावर हात ठेवून प्रार्थना करत होतास, ते?"

"मीना, आधी उपासनेला कितीजण असायचे, विसरलीस? आता बघ. पाण्यासाठी का होईना, येतात ना? आले की ऐकतात."

"काय ऐकतात? आज तू पाण्याशिवाय कशावर बोललास?"

तू जे म्हणालास ते मी विसरू शकत नाही. "तो दिसत नाही मीना. इतकी वर्षं मी न दिसणाऱ्याबद्दल बोलत आलो, लोक जांभया द्यायचे. हे दिसतं."

तुझ्या तोंडी ते शब्द ऐकून मला अण्णा आठवले, पण त्यांचं नाव काढायचा धीर झाला नाही. हा आपला वाद तिथेच राहिला. मी दर खेपेला तो उकरायची, तू दर खेपेला चहा मागवायचास. पण मी पाहत होते. तुझी मोटरसायकल भिंतीला लागून उभी असायची, तिच्यावर धूळ. आता कुणी आजारी पडलं की तू त्याला दवाखान्यात नेत नव्हतास. तो इथे यायचा.

मंडळीतल्या शांतामावशीचं झालं तेव्हा तुला थांबता आलं असतं. मावशींना साखरेचा आजार. त्यांनी गोळ्या बंद केल्या, सकाळ-संध्याकाळ बोअरचं पाणी प्यायच्या. तू त्यांना गोळ्या बंद कर म्हणाला नव्हतास, हे खरं. चालू ठेव असंही म्हणाला नव्हतास. त्यांचा पाय काळा पडला. जळगावला नेलं तोवर उशीर झाला होता, पाय कापावा लागला. तू भेटायला गेलास आणि तिथून सरळ माझ्याकडे आलास. दारातच बसलास, चपलाही काढल्या नाहीस.

"त्या काय म्हणाल्या माहीत आहे?" तू म्हणालास. "म्हणाल्या, भाऊ, माझाच विश्वास कमी पडला. आणि उशाखालून बाटली काढली. म्हणाल्या, ही भरून आणशील?"

"मग?"

"काय सांगू मी त्यांना? त्यांचा पाय गेलाय, मीना. आता ते पाणी पाणीच होतं असं सांगितलं, तर तो कशासाठी गेला?"

तू ती बाटली भरून दिलीस. हे मला वहिनीनं सांगितलं. त्या दिवसापासून तुझा चेहरा बदलला, भाऊ. तू बारीक झालास. लोकांकडे बघून बोलायचास, पण नजर त्यांच्या खांद्यावरून टाकीकडे जायची.

या वर्षी आजूबाजूच्या शेतांत बोअर एकामागून एक आटत गेले. केळीवाल्यांनी आणखी खोल नेले, तेही आटले. आपला चालू होता. लोक म्हणत, हा आटणारच नाही. मी मार्चमध्ये आले तेव्हा मोटर लावली की आधी बराच वेळ नुसती हवा घरघरायची, मग पाणी थुंकल्यासारखं यायचं. कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. दुपारी सगळे झोपले होते आणि मी माठातलं पाणी घ्यायला उठले, तर तू आवारात होतास. भर उन्हात, बोअरच्या लोखंडी पाइपावर दोन्ही हात ठेवून. पाइप इतका तापलेला असणार की हात भाजत असतील. तू हळू आवाजात बोलत होतास. मला वाटलं, प्रार्थना करतोयस, म्हणून मी थांबले.

"मला सोडू नको," तू म्हणत होतास. "तू गेलास तर मी कुणीच नाही. मला सोडू नको."

मी वाट पाहिली की तू प्रभू म्हणशील, पिता म्हणशील. लहानपणापासून आपण कुठलीही प्रार्थना त्या नावाशिवाय संपवलेली नाही. तू संपवलीस. हात काढलेस, तळव्यांकडे पाहिलंस, आणि आत आलास. मला बघून म्हणालास, "झोपली नाहीस?" मी म्हटलं, तहान लागली. मला विचारायचं होतं, तू कुणाशी बोलत होतास. नाही विचारलं.

त्यानंतर वहिनीचा फोन आला. "मीनाताई," ती म्हणाली, "डाळ शिजायला लागली."

मला हसू आलं. "म्हणजे?"

वहिनी हसली नाही. बोअरचं पाणी जड. इतकी वर्षं त्यात तुरीची डाळ सोडा घातल्याशिवाय गळायची नाही, सगळ्या गावाला माहीत. आता दोन शिट्ट्यांत लोणी होत होती. "टाकीत बोअरचं पाणी नाही," वहिनी म्हणाली. "मी त्यांना विचारलं नाही. तुम्ही या."

मी आले. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, गल्लीत कुत्रंही नव्हतं. जामनेरकडून येणारा टँकर मागच्या पांदीनं आवारात शिरला तेव्हा मी खिडकीत होते. तू शिडीवर चढून स्वतः पाइप टाकीत सोडलास. ड्रायव्हर उतरलासुद्धा नाही. टँकर गेला आणि तू कडुनिंबाचा डहाळा घेऊन जमिनीवरचे टायरचे वण झाडायला लागलास. पांढऱ्या सदऱ्यातला पाळक, डोक्यावर टोपी नाही, वाकून मातीतले वण पुसतोय. मी बाहेर आले. तू थांबला नाहीस.

"भाऊ, हे किती दिवस?"

"पाणी परत येईपर्यंत."

"आणि नाही आलं तर?"

"येईल."

"लोकांना खरं सांग. ते तुला सोडून जाणार नाहीत."

तू डहाळा टेकवून उभा राहिलास. घामानं डोळे लाल झालेले. "मला सोडून जातील याची भीती नाही गं. ते त्याला सोडतील. मी आज सांगितलं की बोअर आटला, तर उद्या देव आटला म्हणतील. मीच शिकवलंय त्यांना तसं."

"मग तूच उलटं शिकव. देव पाण्यात नव्हताच, हे सांग."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी काहीतरी भयंकर बोलले होते. म्हणालास, "नव्हता? मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होतो?"

मी तुझा हात धरायला पुढे झाले. तू मागे सरलास. "बठ्ठं बरं शे," म्हणालास, सगळं बरं आहे हे अण्णा सांगायचे तसं, आपल्या घरच्या बोलीत, जी तू या गावात कधी बोलत नसायचास. "तू जा. बठ्ठं बरं शे." आणि पुन्हा झाडायला लागलास.

तेच आपलं शेवटचं बोलणं. तू ज्या दुपारी गेलास त्या दुपारी मी जळगावला होते. वहिनीला वाटलं, तू अजून आवारातच आहेस. ती ताक घेऊन बाहेर आली तर तू टाकीच्या खांबाला टेकून बसलेला, डहाळा मांडीवर. अर्धे वण झाडलेले, अर्धे तसेच. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. कुणी सोबत असतं, कुणी सावलीत ओढलं असतं, डोक्यावर पाणी ओतलं असतं, तर वाचला असतास. टाकी काठोकाठ भरलेली होती भाऊ, आणि तुझ्यापासून हातभर अंतरावर नळ होता. पण गुपित सांभाळायचं तर सोबत कुणी असून चालणार नव्हतं.

अंत्यविधीच्या आधी मंडळीतले ज्येष्ठ, आपले यशवंतनाना, वहिनीजवळ आले. म्हणाले, भाऊंनी बोअरच्या पायाशी प्राण सोडला, त्यांना तिथेच पुरावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. वहिनी आयुष्यात कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. ती म्हणाली, "त्यांना माणसांत पुरा." एवढंच. आणि तू आता माणसांत आहेस, दफनभूमीत कोपऱ्याला, बाभळीखाली. त्यासाठी तिचे आभार मान.

रविवारी तुझ्या स्मरणाची उपासना झाली. आवार भरलेलं, सगळी तोंडं टाकीकडे. नानांनी मला बोलायला सांगितलं. मी वहिनीकडे पाहिलं, तिनं मान हलवली. मी सगळं सांगितलं. बोअर आटला आहे. मार्चपासूनच आटत होता. टाकीत टँकरचं पाणी आहे. तुमच्या भाऊनं तुम्हाला फसवलं, कारण त्याला वाटलं की खरं कळलं तर तुमचा देव जाईल. तो पाणी सांभाळता सांभाळता मेला. आता तुम्ही मागे वळा, टेबल तिकडे आहे. मला वाटलं, आरडाओरडा होईल, कुणी मला मारायला येईल.

नाना खाली बघत राहिले. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली, पदर सावरत, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "म्हंजे टँकरचं साधं पानी, ते बी भाऊच्या हातानं गुणाचं झालं. केवढं मोठं माणूस व्हतं, माय."

आणि सगळ्या आवारातून होकाराचा आवाज आला. भाऊ, तो आवाज. पाणी लागलं त्या दिवशी नाचताना आला होता तसाच. दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः टँकर मागवला, उघडपणे, सकाळच्या वेळी. लोक दोन्ही बाजूंनी हात जोडून उभे होते. तुझा फोटो त्याच सकाळी लागला. दोन-तीन घरं मात्र रविवारनंतर फिरकली नाहीत. त्यातलं एक शांतामावशीच्या मुलाचं. तो त्या दिवशी जाताना मला एवढंच म्हणाला, "ताई, आईला नका सांगू." वहिनी रोज सकाळी रिकाम्या चर्चमध्ये जाते, टेबल पुसते, आणि तिथे एकटी बसून प्रार्थना करते. मी तिच्याशेजारी बसते. मला प्रार्थना सुचत नाही, पण बसते.

आज सकाळी तिथून बाहेर आले तर एक बाई पायरीवर बसलेली. नशिराबादची. मांडीवर चार-पाच वर्षांची पोर, तापानं फणफणलेली. "तुमी भाऊच्या बहीण ना?" म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत माझा हात धरून पोरीच्या कपाळावर ठेवला. नळाशी उभ्या असलेल्या सगळ्या बाया थांबून बघायला लागल्या. आणि भाऊ, माझा हात मी लगेच काढला नाही. इतक्या नजरा, इतका विश्वास, तो सगळा माझ्या तळहाताखाली. आत काहीतरी ऊबदार पसरत गेलं. कुणी इतकं माझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. ते गोड होतं. तू कशात शिरलास, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी हात काढला. रिक्षा बोलावली, त्या दोघींना घेऊन बोदवडला डॉक्टरांकडे गेले. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं. दुपारपर्यंत पोरीला घाम सुटला, ताप उतरला, ती बिस्कीट मागायला लागली. बाईनं वाकून माझ्या पायांना हात लावला. "ताई, हाताले गुण हाये तुमच्या."

"बाई, औषधाचा गुण आहे," मी म्हटलं. "डॉक्टरांचा आहे. माझ्या हातात काही नाही. मी शाळेत गणित शिकवते."

ती माझ्याकडे बघून समजुतीनं हसली, पोरीचे केस मागे सारले, आणि म्हणाली, "भाऊ बी पयले असंच म्हनायचे."